आमच्या घरात आलेली शिफ्ट

आमच्या घराच्या भिंतीवर सरकारी माणसांनी लाल रंगाने लिहिलंय, 'शिफ्ट'. बस, एवढंच. झाले, करा, होणार आहे, पुढे काही नाही. दसरा झाल्यावर मी वाडीवर गेले तेव्हा पावसाने भिंतीची एक बाजू खाल्ली होती, सारवण धुऊन निघालं होतं, चौकटीला वाळवी लागली होती, पण ती लाल अक्षरं जशीच्या तशी. चांगल्या प्रतीचा रंग असणार. आमच्या वाडीला सरकारकडून मिळालेली ती एकच चांगली वस्तू.

वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. आता तिथे कुणी राहत नाही. गवत कमरेएवढं वाढलेलं, त्यातून वाट काढत चढताना मला स्वतःच्या धापेखेरीज काही ऐकू आलं नाही. मी महाडच्या शाळेत इंग्रजी शिकवते. पोरांना नेहमी सांगते की शब्दावर चिडायचं नसतं, त्याचा अर्थ शोधायचा असतो. स्वतः मात्र त्या भिंतीसमोर उभी राहिले आणि हातात कोळसा असता तर त्या अक्षरांवर रेघोट्या ओढल्या असत्या.

अर्थ मी शोधला होता. कॉलेजात असताना, ग्रंथालयातल्या जाड शब्दकोशात. हा एवढासा शब्द, पण अर्धं पान अडवून बसला होता. फार जुन्या इंग्रजीत म्हणे त्याचा अर्थ वाटणी करणे, ज्याचं त्याला नेमून देणे. मग बदलणे. मग एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवणे. मधेच केव्हातरी बायकांच्या आतल्या झग्यालाही हेच नाव पडलं, का, तर तो वरचेवर बदलायचा असतो. आणि आडबाजूला आणखी एक अर्थ होता, हाताशी जे आहे त्यात कसंबसं भागवणे. कामाची पाळी हा अर्थ त्या मानाने अलीकडचा. बाकीच्या मुली शेक्सपिअरच्या नोट्स उतरवत होत्या आणि मी शब्दकोशावर दात खात बसले होते. त्यातली एकेक गोष्ट आमच्या घरात होऊन गेली होती, आणि ती होत असताना कुणी आम्हाला विचारलं नव्हतं.

आमच्याकडे तो शब्द बाबांच्या मागोमाग डोंगर चढून आला. त्याआधीचे बाबा मला थोडेच आठवतात. पेरणीआधी शेतात राब भाजल्यावर अंगाला येतो तो धुराचा वास, खांद्यावरचा टॉवेल, आणि नाचणीच्या शेतात माकडांना हाकलताना काढलेली ती लांबलचक आरोळी. ती आरोळी समोरच्या डोंगरावर आपटून परत आली की मी टाळ्या पिटायचे. मग एक दिवस बाबा महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कंपनीत लागले आणि आरोळी बंद झाली. माकडांना ते कळायला वेळ लागला नाही.

वन टू थ्री यायच्या आधी मला फर्स्ट, सेकंड, थर्ड येत होतं. घराला दिवस-रात्र उरली नव्हती, या तीन पाळ्याच होत्या. फर्स्ट असली की आई पहाट व्हायच्या कितीतरी आधी उठून भाकऱ्या थापायची, आणि तो थापण्याचा आवाज माझ्या झोपेत शिरून बसायचा. सेकंड असली की जेवताना बाबांचं पान मांडलेलं असायचं आणि त्याच्यापुढे कुणी नसायचं. थर्ड सगळ्यात वाईट. बाबा सकाळी उजाडल्यावर फाट्यावर कंपनीच्या बसमधून उतरायचे, डोंगर चढून यायचे आणि झोपायचे. मग अख्ख्या वाडीने गप्प बसायचं. मुसळ बंद, जातं बंद, पाट्यावर मसाला वाटणं बंद. कोंबडा ओरडला की आई त्याच्यावर लाकूड फेकायची. मला खोकला आला तर परसात जाऊन खोकायचं. "गप गो, थर्ड हाय," हे आई ज्या आवाजात सांगायची त्या आवाजात शेजारणी घरात कुणी आजारी असल्याचं सांगायच्या. मी लहानपणी फार हळू बोलायचे असं लोक सांगतात. आता वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि पोरं घाबरतात. घाबरू देत.

कंपनीचे कपडे घरात येत नसत. पडवीच्या कोपऱ्यात एक खुंटी होती, तिच्यावर. बाबा आले की आधी तिथेच उघडे व्हायचे, आई वरून कढत पाणी ओतायची, आणि मगच उंबरा ओलांडायचे. सुतक पाळावं तसं पाळलं जायचं ते. तरी उपयोग नव्हता. बाबांचा रंग पिवळा होता. म्हणजे तळहात, नखं, कानामागची जागा. घाम पिवळा यायचा. त्यांच्या उशीची खोळ आई राखेने घासायची, रिठ्याने घासायची, दगडावर आपटायची, आणि वाळत घातली की ती उन्हात पिवळीच दिसायची. आई तिच्याकडे बघून एक शिवी घालायची. ती खोळीला होती, कंपनीला होती की बाबांना, हे मला तेव्हा कळलं नाही.

गूळ मात्र मला आवडायचा. कंपनीत कामगारांना रोज गुळाचा खडा देत. छातीत धूळ जाते ती गुळाने निघते, असं म्हणत. बाबा तो स्वतः खायचे नाहीत. शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळून आणायचे आणि माझ्या हातावर ठेवायचे. त्याला एक कडवट वास असायचा, तरी तो जिभेवर ठेवला की मी डोळे मिटायचे. त्यांच्या छातीसाठी दिलेला गूळ मी खात होते हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी खाल्ला असता, एवढा गोड होता.

शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. आमच्या घराला मान होता, दारात आलेली पालखी बाबांनी खांद्यावर घेऊन नाचवायची. एका वर्षी पालखी आली तेव्हा बाबा सेकंडला. ढोल वाजत राहिले, माणसं अंगणात खोळंबली, शेवटी काकांनी खांदा दिला. पुढच्या वर्षी काकांनी विचारलंही नाही. पुढे वाटण्या झाल्या तेव्हा पाणी धरणारी वरची खाचरं काकांना गेली आणि आमच्या पदरात दगडाचा उतार आला. "तुला कंपनी हाय ना," असं काका सगळ्या पंचांदेखत म्हणाले. बाबा मान खाली घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना फर्स्ट होती, त्यांना झोप येत होती.

बाबा गेले ते थर्ड करून आल्यावर, आंघोळीच्या दगडावर बसल्या बसल्या. त्याबद्दल मी लिहिणार नाही. खुंटीवरचे कपडे आईने डोंगराच्या कडेला नेऊन जाळले आणि त्या धुराकडे पाठ करून बसली. त्यानंतर घरात कुणी शिफ्ट हा शब्द काढला नाही.

मग तो पुन्हा आला. या खेपेला इस्त्रीच्या शर्टात. डोंगराला भेग पडली होती, देवीच्या देवळापासून खालच्या खाचरापर्यंत, हात आत जाईल एवढी. दरडीखाली गेलेल्या पलीकडच्या तळीयेचं सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यावर कुणी बोलत नव्हतं. एक तरुण सरकारी साहेब वाडीतल्या फणसाखाली खुर्चीवर बसले आणि बायकांना समजावू लागले. पुरुष असे नव्हतेच, सगळे मुंबईला. साहेब आईला म्हणाले, "मावशी, पावसाळ्याच्या आत तुम्हाला शिफ्ट व्हायला लागेल. खाली रस्त्याला प्लॉट देतोय."

"शिफ्ट तू मला शिकवू नको, बाला," आई म्हणाली. "उभा जल्म मी शिफ्टीत काढलाय."

साहेब हसले. मी त्या दिवशी तिथे होते आणि मला त्यांच्या हसण्याचा इतका राग आला की मी त्यांच्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला. पण मनातून मी त्यांच्याच बाजूची होते. भेग मी पाहिली होती.

वाडीने ठरवलं, देवीला कौल लावू. आमच्याकडे कौल लावतात तो असा. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या आणि देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवायची. मग प्रश्न विचारून बसून राहायचं. उजवी आधी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही. पाकळ्या लावायचा मान आमच्या घराचा, आणि बाबांच्या मागे तो आईकडे आला होता. एकच नियम, ज्याचा स्वतःचा प्रश्न असेल त्याने पाकळ्या लावायच्या नाहीत. खाली जायचं का, हा वाडीचा प्रश्न म्हणून आईने लावल्या. डावी पडली. वाडी थांबली.

तो पावसाळा मी महाडमध्ये कसा काढला ते मलाच माहीत. सावित्रीचं पाणी वाढलं की शहर सामान माळ्यावर चढवतं, मीही चढवत होते, आणि लक्ष सगळं वर. वाडीत बायका पोरांना कुशीत घेऊन रात्रभर बसायच्या, वरून एखादा दगड घरंगळला की सगळ्यांचे श्वास थांबायचे. फोन लागला की मी ओरडायचे, आई म्हणायची, "देवीनं नको सांगितलंय." मी दगडाला नावं ठेवायचे. ती फोन ठेवून द्यायची.

पाऊस सरला तसे मुंबईहून मुलगे आले आणि कौलाबिलाला न विचारता आपापल्या आयांना खाली घेऊन गेले. प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. जन्मभर एका कुडाला लागून राहिलेल्या जावा दोन टोकांना गेल्या. रिकाम्या घरांच्या भिंतींवर लाल अक्षरं आली. आमच्याही आली, आई आत चुलीपुढे बसलेली असताना. तिने त्यावर शेण फासलं. माणसांनी येऊन ते धुतलं आणि पुन्हा लिहिलं. वाडीत ती एकटी उरली होती, एक म्हैस आणि तो फणस. महिनोन्महिने मी तिच्यापुढे डोकं आपटलं.

गेल्या ज्येष्ठात मी वर गेले ती ठरवून, की आज तिला फरफटत का होईना न्यायचं. आकाश काळं झालं होतं आणि हवा हलत नव्हती. आई अंगणात लाकडं फोडत होती.

"चल," मी म्हणाले.

"मला कौल नाय."

"मग आत्ता लाव. आत्ताच्या आत्ता लाव आणि जो काय तुझा दगड सांगेल ते एकदाचं ऐकू दे मला."

तिने कोयती खाली ठेवली, तांब्या घेतला, परसातली तगरीची फुलं तोडली आणि माझ्या पुढे चालू लागली. देवळापाशी भेग होती. तिच्यावरून आई सवयीने पाय टाकून गेली. मला मात्र खाली बघवेना. गाभाऱ्यात तेलाचा आणि वटवाघळांचा वास. लहानपणी इथे यायची मला भीती वाटायची. आता चीड येत होती.

आईने पाकळ्या माझ्यापुढे धरल्या. "तू लाव."

"मान तुझा आहे."

"सवाल माजा हाय. माजा सवाल मी कशी लावनार? लाव. पानी बेतानं घे. आनि अंगठा जपून. जी दाबशील ती हालत नाय."

मी तिच्याकडे बघितलं. ती पाषाणाकडे बघत होती.

"तुला काय माहीत?"

"माहीत हाय." ती खाली बसली आणि पदराने तोंड पुसलं. "तुज्या बापाला कंपनीत जायचं नव्हतं. नाय म्हनजे नायच म्हनत व्हता. मंग सासू म्हनली, देवीला इचारा. त्याचा सवाल, म्हनून पाकळ्या मला लावाया दिल्या. मी डावी दाबली, पार अंगठा पांढरा होईस्तवर. उजवी पडली. त्यो दुसऱ्या दिशी उतरला."

"का पण?"

"तुला शाळंत घालायची व्हती."

बाहेर म्हैस हंबरली. मग दुसरा प्रश्न माझ्या तोंडातून आपोआप आला. "आणि वाडीचा कौल?"

"त्यो बी माजाच. तवा उजवी दाबली." तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. "एक मानूस खाली धाडला, त्यो पिवळा होऊन आला. परत कुनाला खाली धाडायचं नाय, आसं मी ठरवलं व्हतं."

"आई, अख्खी वाडी पावसात बसवलीस तू! पोरं होती. माणसं मेली असती!"

"मेली काय?"

"नाही, पण..."

"मंग."

त्या एका शब्दावर मला तिचा गळा धरावासा वाटला. तिचा राग आला, तिच्या सासूचा आला, खाली मान घालून उतरून गेलेल्या बाबांचा आला. आणि शाळेत गेलेल्या त्या मुलीचा तर सगळ्यात जास्त आला, जी गुळाचा खडा चोखत फर्स्ट सेकंड थर्ड म्हणत बसायची. मी पाकळ्या तांब्यात बुडवल्या. उजवी नुसती टेकवली. डावीवर अंगठा ठेवला आणि दाबला. पाषाण गार होता. मी दाबत राहिले, आई बघत राहिली. तिने माझा अंगठा पाहिला, पुरा पाहिला, आणि मला अडवलं नाही.

"इचार," ती म्हणाली.

"आईने खाली यायचं का?" मी विचारलं. माझा आवाज त्या खोलीत फार मोठा झाला.

उजवी लगेच पडली. मी तर अंगठाही पुरता उचलला नव्हता.

"उजवा दिला गो देवीआईनं," आई मोठ्याने म्हणाली. ऐकायला वाडीत कुणी नव्हतं, तरी मानकऱ्याने जसं सांगायचं असतं तसं तिने दारात उभं राहून सांगितलं. मग घरी आली, चुलीत पाणी ओतलं, म्हशीचं दावं सोडलं आणि माझ्या आधी उतरायला लागली. वाटेत ती एकदाही मागे वळली नाही. मीच वळून बघत होते, डोंगर पाठीवर येतो की काय म्हणून.

आता ती खाली रस्त्याकडेच्या नव्या वसाहतीत राहते. पत्र्याखाली पावसाचा आवाज एवढा होतो की बोलायची सोय नाही. चूल नाही, गॅस आहे, आणि ती तो लावायला घाबरते. म्हैस विकली. भिंतीला भिंत लावून घरं आहेत, पण प्रत्येकीच्या शेजारी भलतीच बाई. आई दारात बसून डोंगराकडे बघते. धुकं असलं तरी त्याच दिशेला. शनिवारी शाळा सुटली की मी जाते, तिच्यासाठी भाजी नेते, दोघी जेवतो. कौलाबद्दल आम्ही बोलत नाही. मी तिला माफ केलेलं नाही, आणि तिने माफी मागितलेली नाही. तिच्याकडूनही मला मिळालेली नसावी.

सबंध पावसाळा मी रात्री उठून बसत होते. महाडमध्ये पाऊस जोरात लागला की मी खिडकीशी जायचे आणि मनात म्हणायचे, आज पडेल डोंगर. सकाळी फोनमध्ये बातमी शोधायचे. वाडीत चिटपाखरूही नव्हतं, कुणाला काही होणार नव्हतं, मग काय हरकत होती? एकदा रात्री लांब कुठेतरी गडगडल्यासारखं झालं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी चहा करून प्यायले. ते बहुधा वाळूचे ट्रक होते.

दसऱ्यानंतर मी वर गेले ते हेच बघायला. घर आहे. फणस आहे. देऊळ आहे. भेग आहे तेवढीच, तिच्यात तेरडा उगवून वाळून गेलाय. डोंगराचा एक दगड हललेला नाही. मी बराच वेळ तिथे उभी होते, मग खाली आले.

आई दारात तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"डोंगर हाय?"

"आहे."

"आन घर?"

"आहे. सगळं आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं. कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडावर हसू आलं, तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि मला आत येऊन पाणी पी म्हणाली. मी बाहेरच उभी राहिले. मला डोंगराचा राग आला होता. तो पडला नाही म्हणून.